पट्टी ओके होती

...आणि वर मला म्हणतो कसा, "साहेब, तुम्ही नका उतरू, खाली जागा कमी आहे." मला! आता तुम्हीच सांगा, जो माणूस एकतीस वर्षं सातपूरला होज क्लिपच्या कंपनीत इन्स्पेक्टर होता, ज्याने जन्मात जेवढे घास खाल्ले नसतील तेवढ्या क्लिपा हातात धरून पाहिल्या, त्याला एक बोटवाला सांगतो की इंजिनची क्लिप बदलायला तुम्ही उतरू नका! होज क्लिप माहीत आहे ना? नाही? अहो, घरी गॅसच्या नळीला असते ती. शेगडीमागे वाकून बघा, एक गोल पट्टी, तिला एक स्क्रू, स्क्रू पिळला की पट्टी आवळते आणि नळी निसटत नाही. एवढीच वस्तू. चिमटीत मावते. आणि त्या एवढ्याशा वस्तूने, तुम्हाला सांगतो, माझी जी शोभा केली...

नाही. थांबा. वस्तूने नाही केली. बघा, बोलायला उभा राहिलो नाही तोच खोटं बोललो. वस्तूचा काय दोष? पट्टी ओके होती.

तर हे सगळं चाललं होतं कुठे? गंगापूर धरणाच्या पाण्यावर, भर सकाळी अकराला, काठापासून चांगलं लांब. मी बोटीच्या पोटातल्या इंजिनच्या खड्ड्यात, डोकं खाली, पाय वर, आणि ते वर राहिलेले पाय धरून कोण बसलंय? माझे होणारे व्याही! हसा, हसा. तेव्हा आमची बायको लतिकासुद्धा हसली होती. नंतर नाही हसली.

झालं असं, की आमची मुलगी यशश्री, एकुलती एक, तिने ऑफिसातला एक मुलगा पसंत केला. धवल. चांगला आहे, कमी बोलतो. त्यांचं त्यांनी ठरवूनच टाकलेलं, आम्हा आईबापांना फक्त 'हो' म्हणायचं काम उरलं होतं, पण म्हटलं तेवढं तरी थाटात करू! मुलाचे वडील सावळीरामभाऊ सिन्नरचे, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आई मंगलाबाई. लतिका म्हणाली, "घरी बोलवा, मी पुरणपोळ्या करते." सरळ साधी गोष्ट. पण नाही! मी म्हणालो, पुरणपोळ्या कुणाच्याही घरी मिळतात, माणसाची छाप पडायला पाहिजे. आपण त्यांना धरणावर नेऊ, खास बोट घेऊ, दोन्ही घरं पाण्यावर बसून बोलतील. लतिका म्हणाली, "अहो, पाण्यावर बसून काय बोलायचं वेगळं?" मी म्हणालो, तुला नाही कळायचं. आता वाटतं, पुरणावर निभावलं असतं हो. निमूटपणे निभावलं असतं.

गेलो. पांढरी बोट, बारा जणांची, निळा पट्टा मारलेली, आणि तिचा मालक, चालक, मेकॅनिक सगळं मिळून एकच माणूस. नियाज. आता मी त्याला ओळखलं नाही असं तुम्हाला सांगायला मला फार आवडलं असतं. ओळखलं. लांबूनच, चालीवरून ओळखलं. सहा वर्षांपूर्वी तो माझ्या हाताखाली होता, तपासणीच्या टेबलावर. घाबरलोच. आणि मी घाबरलो की काय करतो? मोठ्याने बोलतो! "अरे, नियाज! वा वा, बोट घेतलीस? छान!" आणि लगेच व्याह्यांकडे वळून, "आपलाच पोरगा हा, माझ्या हाताखाली तयार झालेला!" पोरगा कसला, चाळिशी ओलांडलेला माणूस, दाढी अर्धी पांढरी झालेली. तो एवढंच म्हणाला, "सलाम साहेब. जॅकेट घाला सगळ्यांनी." बस्स. मी मनात म्हणालो, चला, विसरला. माणसं विसरतात हो! ज्याने केलेलं असतं ना, त्याला असं हमखास वाटतं.

निघाली बोट. वारा काय, पाणी काय, यशश्री आणि धवल पुढच्या टोकाला, मंगलाबाईंनी चिवड्याचा डबा उघडलेला, सावळीरामभाऊ गप्प बसून इंजिनचा आवाज ऐकतायत. मेकॅनिक माणूस, पाण्याकडे बघेचना, कान इंजिनाकडे. मधेच म्हणाले, "पंप जरा वेगळा वाजतोय." मी म्हणालो, अहो पंप सोडा, तो डोंगर बघा! आणि पाच मिनिटांत टीं... टीं... टीं... बझर! वाफ, जळक्या रबराचा वास, नियाजने फटकन इंजिन बंद केलं, बोटीच्या मधोमध जमिनीला एक झाकण होतं ते उचललं, तर खाली फवारा! त्याने वाकून एक कॉक फिरवला, पाणी थांबलं. शांत आवाजात सांगतो, "घाबरू नका. इंजिन गार ठेवायला पाणी ज्या नळीतून जातं, तिची क्लिप तुटली. पंप उतरवून क्लिपा बदलतो, अर्धा तास लागेल. नवीन आहेत डब्यात." मंगलाबाईंनी चिवड्याचा डबा छातीशी धरला. बोट पाण्यावर डुगडुग, डुगडुग.

आता शहाण्या माणसाने काय करावं? गप्प बसावं. चिवडा खावा. पण क्लिप तुटली! माझा विषय! व्याही समोर, छाप पडलेली नाही अजून, आणि देवाने पाण्याच्या मध्यावर माझा विषय काढलाय! मी उभा राहिलो. बोटीत उभं राहू नये, तरी राहिलो. "नियाज, क्वालिटी म्हणजे काय? हे शिकवलं होतं ना मी तुला? क्वालिटी म्हणजे कोणी बघत नसतानासुद्धा बरोबर काम करणं!" हे वाक्य आमच्या कंपनीच्या भिंतीवर होतं, दर नोव्हेंबरला क्वालिटी महिन्यात आम्ही हात पुढे करून शपथ घ्यायचो. "बाजारातला दोन नंबरचा माल लावलास, हो की नाही? बारा बारा माणसांचा जीव तुझ्या हातात, आणि तू..." असं मी बोलतोय, बोलतोय, यशश्री माझी बाही ओढतेय, "बाबा, पुरे," धवल पाण्याकडे बघतोय, आणि नियाज खाली बसल्या बसल्या फडक्याने हात पुसत नुसता माझ्याकडे बघतोय. रागाने नाही हो. रागाने बघितलं असतं तर मी थांबलो असतो.

उलट मला जोर चढला. म्हटलं, ऊठ, पंप कशाला उतरवायचा? वरून हात घालून बदलता येतं, मी दाखवतो! तेव्हा तो म्हणाला, तेच मघाचं, "साहेब, तुम्ही नका उतरू, खाली जागा कमी आहे."

उतरलो! ब्याण्णव किलो वजन, जॅकेट काढलं, टॉर्च तोंडात धरला आणि शिरलो डोक्याने. छातीपर्यंत गेलो, पोटाशी अडकलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना, डिझेलचा वास डोक्यात, गरम पाइप कानाला लागतोय, आणि वरून लतिका, "अहो, येताय ना वर?" मी आतून, "हूं... हूं..." टॉर्च तोंडात! तेव्हा सावळीरामभाऊ पुढे आले, माझे दोन्ही घोटे धरले, गाडीखाली गेलेल्या माणसाचे धरतात तसे. मी हात लांबवला. एक क्लिप तुटलेलीच होती, ती अलगद हातात आली. तिच्याशेजारची धरून राहिलेली, पण स्क्रूचं काय झालेलं? गंजून नुसता भुगा! स्क्रू ड्रायव्हर लावला की खाच निखळून पडतेय, लाल भुकटी डोळ्यात. शेवटी नियाजने वरून हॅक्सॉचं पान दिलं, त्याने कापली. आणि टॉर्चच्या उजेडात बघतो तर पट्टी कशी? चकाचक! आरशासारखी. पट्टी ओके होती!

मी टॉर्च हातात घेतला आणि खालून ओरडलो, "बघा! पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू लोखंडाचा! ओल लागली की गंजणार नाही तर काय? कोणत्या गाढवाने पास केला हा माल?"

हो. अगदी हेच शब्द. सगळ्यांनी ऐकले.

आणि पट्टी उलटी केली.

आता तुम्हाला एक सांगतो, आमच्या कंपनीच्या प्रत्येक पट्टीवर बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं, महिना, वर्ष, आणि ज्याच्या पाळीत माल निघाला त्या इन्स्पेक्टरचा नंबर. मी अंगठ्याने तेल पुसलं. मार्च. सहा वर्षांपूर्वीचा. नंबर सात. दुसरी बघितली, सात. पंपाच्या पाठीमागे आणखी दोन होत्या, मान वाकडी करून बघितल्या, सात, सात. आणि कंपनीत सात नंबर एकाच गाढवाचा होता.

तुम्हाला सांगतो, उलटं लटकलेल्या माणसाचं रक्त आधीच डोक्यात उतरलेलं असतं, त्यात लाजेचं रक्त आणखी कुठून येतं कोण जाणे, पण आलं. कान पेटले. तिथून मला वर यायचंच नव्हतं. म्हटलं हे झाकण लावून घ्या आणि मला असाच काठापर्यंत न्या.

त्या मार्चचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय तुम्हाला माझी लाज कळायची नाही. एकतीस मार्च, वर्षाचा शेवटचा दिवस, त्या दिवशी माल गेटबाहेर गेला तर ह्या वर्षात धरतात, नाही गेला तर साहेब लोकांचे चेहरे बघवत नाहीत. ट्रक गेटवर उभा, डिस्पॅचचे साहेब दर दोन मिनिटांनी फोन करतायत, "गंगाधर, झालं का? गंगाधर, किती वेळ?" आणि हा नियाज, कॉन्ट्रॅक्टवरचा चेकर, अठरा खोकी बाजूला लावून त्यांवर लाल तिकीट चिकटवून उभा! लाल तिकीट म्हणजे माल अडवला. मी म्हटलं, काय रे? तो म्हणाला, "साहेब, स्क्रू लोखंडाचा आलाय. चुंबक चिकटतंय." आता स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक लॉटला चुंबक लावून बघायचो. पण कशाला? पट्टीला! आमच्या तपासणीच्या तक्त्यात एकच रकाना, 'पट्टी: चुंबक: ओके'. स्क्रूचा रकानाच नव्हता, स्क्रू बाहेरून यायचे, त्यांचं सर्टिफिकेट फाइलला लावलं की झालं. इतक्या वर्षांत स्क्रूला चुंबक लावायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही! ते याच्या डोक्यात आलं. आणि मला त्याचा राग कशाचा आला, सांगू? लोखंडाचा नाही आला. मला नाही सुचलं आणि याला सुचलं, याचा आला.

मी तक्ता त्याच्यासमोर धरला. "वाच. पट्टी ओके आहे का?" "आहे साहेब." "स्क्रूचा रकाना दाखव." "नाहीये साहेब. पण..." "पण काय? तू रकाना वाढवणार?" आणि मी ते लाल तिकीट ओढून काढलं, फाडलं, तुकडे खिशात घातले. ट्रक गेला. साहेबांनी मला पेढा दिला. खाल्ला मी.

जूनमध्ये जवळजवळ सगळा लॉट बोंबलत परत आला. थोडा बाजारात पसरलाही होता, त्यातल्याच ह्या बोटीतल्या. मोठे साहेब दुपारी तीन वाजता गेटवरच उभे, पहिली पाळी सुटतेय, दुसरी शिरतेय, आणि सगळ्यांसमोर विचारतायत, "गंगाधर, हा माल कोणी सोडला?" लाल तिकीट माझ्या खिशातून धुलाईत कधीच गेलेलं. पुरावा नाही. मी म्हणालो... ऐका हं, मोठ्याने म्हणालो, कारण घाबरलो होतो... "टेबलावर नियाज होता साहेब. त्याने स्क्रू बघितलाच नाही. पट्टी ओके होती."

ज्याने स्क्रू बघितला, तोच एकटा! त्याच्याबद्दल मी असं म्हणालो. नंतर चौकशीच्या कागदावरही सही केली. तो तिथेच उभा होता, डबा हातात. त्याने नुसतं बघितलं माझ्याकडे. बोटीत बघितलं ना, तसंच. महिनाअखेरीला त्याचा कॉन्ट्रॅक्ट संपला, आणि मग सातपुरात तो जिथे जाईल तिथे, "तूच ना तो, माल सोडणारा?" दोन वर्षं त्याला कोणी टेबलाजवळ उभं केलं नाही. नूरबानोने, त्याच्या बायकोने, शिवणकामावर घर ओढलं. हे मला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं असंही सांगायला आवडलं असतं, पण आता किती गोष्टी आवडीने सांगायच्या?

तर मी खड्ड्यात. आणि सावळीरामभाऊंचा आवाज, अगदी सहज, "काय लिव्हलंय हो पट्टीवर? कुठल्या कंपनीचा माल हाय?"

अख्ख्या बोटीने कान टवकारले. मी पट्टी मुठीत लपवली. आणि नियाज म्हणाला, "काही नाही काका, गंजलंय. वाचता येत नाही." पट्टी आरशासारखी चकचकीत, आणि हा म्हणतो गंजलंय! मग वाकून माझ्या कानाशी हळूच, "साहेब, वर या. मी करतो." त्यांनी दोघांनी मिळून मला बाहेर ओढलं. नियाजने पंप उतरवला, चारही क्लिपा बदलल्या, पंचवीस मिनिटांत इंजिन सुरू. मी चार जुन्या क्लिपा मुठीत धरून बसलो होतो. मंगलाबाईंनी चिवडा पुढे केला, तर घ्यायला हात मोकळा नाही.

घरी आलो, जेवण जाईना. लतिकाला सांगितलं. सगळं. ती भांडली नाही, लग्नाला तीस वर्षं झाली, भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "त्या वर्षी ईदला नियाजच्या घरून शिरखुर्मा आला नाही, तेव्हा मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, गावाला गेला असेल." आणि उठून आत गेली. मी आपला बसलो. मागून म्हणालो, अगं पण पट्टी ओके होती! तिने आतून दार लावलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा ते वाक्य माझंच मला ऐकू आलं.

मग म्हटलं, पोरीचं लग्न या माणसांच्या घरी करायचं तर त्यांना अंधारात ठेवायचं नाही. मोडलं तर मोडलं. म्हणायला सोपं आहे हो! यशश्रीला कोणत्या तोंडाने सांगणार होतो, की तुझं लग्न एका स्क्रूपायी मोडलं? पुढच्या रविवारी एकटा सिन्नरला गेलो. एसटीत अख्खा रस्ता मनात भाषण तयार केलं. सावळीरामभाऊ अंगणात स्टोव्ह दुरुस्त करत बसलेले. मी सगळं सांगितलं, न थांबता, चप्पलही काढली नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला ठावं हाय."

"कसं काय?"

"तुमचं पाय मी धरलं व्हतं ना. 'गाढव' म्हनलात तवर ताठ व्हते. मग एकदम लटलटाय लागलं. तवाच म्हनलं, माल पाव्हण्याचाच हाय." आणि स्टोव्हला पिन मारत, "लग्न पोरांचं हाय, त्याला काय व्हत नाय. पर तुम्ही हितं कशापायी आले? माझं काय बिघडवलंय तुम्ही? ज्याचं बिघडवलं त्याच्याकडं गेले व्हते का?"

नव्हतो गेलो. खरं सांगतो, चौदा किलोमीटरवर नियाज, आणि मी तीस किलोमीटर सिन्नरला गेलो. सोप्या माणसाकडे आधी.

दुसऱ्या दिवशी धरणावर गेलो. नियाज बोट धूत होता. मी म्हणालो, नियाज, त्या क्लिपा माझ्या होत्या. तो म्हणाला, "माहीत आहे साहेब. बोट जुनी घेतली, पहिल्याच दिवशी इंजिन उघडलं आणि तुमचा नंबर दिसला. हसलो मी. दहा बदलल्या. पंपाच्या मागच्या चार राहिल्या, त्यासाठी पंप उतरवावा लागतो, सीझन चालू होता, म्हटलं उद्या करू. ती माझी चूक. तशी बोट पाण्यात न्यायला नको होती."

ऐकलंत? 'ती माझी चूक.' तीन शब्द, बादली हातात धरून, पाणी ओतता ओतता! मला त्यासाठी सहा वर्षं लागली आणि तरी मी सिन्नरमार्गे आलो.

मी विचारलं, त्या दिवशी सांगितलं का नाहीस? म्हणाला, "पाहुणे होते साहेब. मुलीचं काम होतं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवायला मी इंजिनकडे बघत बसलो. म्हटलं, मी कंपनीत जातो, लेखी देतो, तुझं नाव साफ करून घेतो. तो म्हणाला, "बघा."

गेलो कंपनीत. निवृत्त माणूस, गेटवर अर्धा तास पास मिळेना, ते जाऊ दे. आत एचआरला अंजली नावाची मुलगी, यशश्रीच्या वयाची, गोड बोलणारी. "सर, कुठला नियाज? एम्प्लॉयी कोड सांगा." म्हटलं, कॉन्ट्रॅक्टवर होता. "मग तो आमच्या सिस्टीमलाच नसणार सर." म्हटलं, चौकशी झाली होती, कागद आहे, माझी सही आहे, ती खोटी आहे, मला ती रद्द करायची आहे. "किती वर्षं झाली सर?" सहा. "अच्छा! मग ते पेपर श्रेडरला गेले सर, पाच वर्षांनंतर आपण ठेवत नाही. तशी काही नोंदच नाही. तुम्ही अजिबात काळजी करू नका!" काळजी करू नका! चहा दिला वर. ज्या कागदाने एका माणसाची दोन वर्षं खाल्ली, त्याचा भुगा होऊन कुठल्या तरी खोक्यात काचेच्या वस्तूंखाली घातला असेल. आता माफी कशावर लिहायची? मी म्हणालो, बाई, नवीन कागदावर तरी लिहून घ्या. ती म्हणाली, "सर, नोंदच नाही तर दुरुस्ती कशात करणार?" तक्त्यात रकाना नाही! मला माझंच वाक्य परत मिळालं, चहासकट.

तोंड पाडून पुन्हा धरणावर. नियाजला सांगितलं. त्याने हातातला दोर खुंटीला बांधला. मग म्हणाला, "कागदाने मला नाही काढलं साहेब. कागद नंतर आला. आधी तुम्ही गेटवर बोललात, दोन पाळ्या उभ्या होत्या. तुम्ही तोंडाने बोललात, ते तोंडातोंडीच सातपूरभर फिरलं. मग आता तोंडानेच सांगा ना."

"किती जणांना सांगू?"

"मला काय माहीत? तेव्हा किती जणांपर्यंत गेलं, मी मोजलं होतं का?"

झालं. तेव्हापासून हे चाललंय. पहिल्यांदा गेटवर गेलो, तीन वाजता, पाळी सुटायच्या वेळेला, आणि ओरडून सांगितलं. अर्धी पोरं नवीन, ती विचारतात, "नियाज कोण?" जी जुनी होती ती म्हणाली, "गंगाधरकाका, ऊन फार आहे, सावलीत बसा." तरी सांगितलं. मग बस स्टॉपवर सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, साखरपुड्यात माईक हातात आला तर तिथे सांगितलं, यशश्रीने कपाळाला हात लावला, पण सावळीरामभाऊंनी टाळी वाजवली, एकट्यानेच. लतिका म्हणते, "दूधवाल्याला तरी सोडा, तो मालेगावचा आहे." मी म्हणतो, मालेगावपर्यंत गेलं नसेल कशावरून? हसतात लोक. हसू देत. सांगताना दर वेळी 'त्याने स्क्रू बघितलाच नाही' या वाक्यापाशी वाटतं, आज हे एक वाक्य गाळावं, बाकी सगळं सांगावं, कोणाला कळणार आहे? पण ते गाळलं की उरतं काय? पट्टी ओके होती, एवढंच.

आणि तुमच्या या ज्येष्ठ नागरिक संघाने मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचे छंद'. मी नौकाविहार म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे माईक मिळाला. अध्यक्ष मघापासून घड्याळ दाखवतायत, दिसतंय मला, संपवतो... अरे, ते मागच्या दारातून आत्ता कोण आले? या, या. तुम्ही नोकरीला कुठे होतात? सातपूरला? किती वर्षं? अहो, मग तिथे मागे कुठे बसताय, असे पुढे या. बाकीच्यांनी तोवर चहा घ्या, यांना मला सगळं पुन्हा सांगावं लागणार आहे.